घटक ४ : 'अस्सल' कशाला म्हणावे? – पैठणी, किल्ट आणि परंपरेच्या नावाचा प्रश्न

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला,

• स्थलवाचक नावापासून वस्तूचे नाव कसे तयार होते आणि त्या नावाचा अर्थ कसा बदलत जातो, हे सांगता येईल.
• 'अस्सल', 'नक्कल', 'नकली' आणि 'पारंपरिक' या शब्दांच्या अर्थांतील फरक स्पष्ट करता येईल.
• येवल्याची पैठणी आणि स्कॉटलंडचा किल्ट यांच्या संदर्भात 'परंपरेची वस्तू इतरत्र तयार व्हावी का?' या वादातील भूमिका तपासता येतील.
• अशा वादविषयावर स्वतःचे मत युक्तिवादाच्या आधारे मांडता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, मागील घटकात आपण वैचारिक लेखनातील विधान, कारण आणि निष्कर्ष यांचा परस्परसंबंध पाहिला. या घटकात तोच अभ्यास आपण एका प्रत्यक्ष वादविषयाच्या आधारे पुढे नेणार आहोत. वैचारिक लेखन करताना अनेकदा वाद घटनांविषयी नसतो, तर शब्दांविषयी असतो. दोन माणसे एकच शब्द दोन अर्थांनी वापरतात आणि आपण परस्परविरोधी बोलत आहोत, असे समजून भांडत राहतात. म्हणून कोणत्याही वादाचा विचार करताना त्यातील कळीचे शब्द आधी तपासून घ्यावे लागतात.

त्यासाठी आपण नाशिक जिल्ह्यातील येवला या गावाकडे पाहणार आहोत. पैठणी म्हटले की आज खरेदीदार पैठणपेक्षाही येवल्याची वाट धरतो. मात्र 'पैठणी' या नावाने विकल्या जाणाऱ्या सर्वच साड्या येवल्यात किंवा पैठणमध्ये विणलेल्या नसतात. त्यांपैकी पुष्कळशा राज्याबाहेर, यंत्रमागावर तयार होतात आणि मूळ पैठणीच्या किमतीच्या लहानशा हिश्शात मिळतात. असाच प्रश्न हजारो मैलांवरील स्कॉटलंडमध्येही विचारला जातो. तेथील पुरुषांचा पारंपरिक पोशाख मानला जाणारा किल्ट आज पाकिस्तानातील सियालकोटसारख्या शहरांतही शिवला जातो. तो स्कॉटिश म्हणावा काय? दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे : वस्तूचे नाव कोणाचे? गावाचे, कारागिराचे, पद्धतीचे की ती वापरणाऱ्याचे?

४.२ विषय-विवेचन

४.२.१ नावाचा प्रवास : 'पैठणची' ते 'पैठणी'

मराठीत गावाच्या नावाला 'ई' हा प्रत्यय लागून विशेषणे तयार होतात. पैठण–पैठणी, बनारस–बनारसी, महेश्वर–महेश्वरी, नारायणपेठ–नारायणपेठी, सोलापूर–सोलापुरी, कोल्हापूर–कोल्हापुरी ही त्याची परिचित उदाहरणे होत. इलकल या कर्नाटकातील गावावरून आलेला 'इरकली' हा शब्द तर उच्चारात इतका बदलला आहे की त्यात दडलेले गाव आज सहजी ओळखू येत नाही. पुढे विशेष्य गळून पडते आणि विशेषणच नाम होते. 'पैठणी लुगडे' या शब्दयोजनेतील 'लुगडे' गळाले आणि 'पैठणी' एवढेच नाम उरले.

या रूपांतरात अर्थाच्या तीन पायऱ्या दिसतात.

पहिली पायरी उत्पत्तीची. येथे शब्दाचा अर्थ 'त्या गावी तयार झालेली वस्तू' असा असतो.

दुसरी पायरी पद्धतीची. येथे शब्दाचा अर्थ 'त्या गावच्या रीतीने तयार झालेली वस्तू' असा होतो. 'कोल्हापुरी मिसळ' मागवणारा ग्राहक ती कोल्हापुरातच शिजली असेल, अशी अपेक्षा करीत नाही. त्याला विशिष्ट चव हवी असते.

तिसरी पायरी केवळ संज्ञेची. येथे गावाशी किंवा देशाशी असलेला संबंध वापरणाऱ्याच्या मनातून पुसला जातो. 'चिनी मातीची बरणी' म्हणताना चीन देश कोणाच्याही डोळ्यांसमोर येत नाही.

आता पैठणीविषयीच्या वादाचे मूळ आपल्या लक्षात येईल. विणकर हा शब्द पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीच्या अर्थाने वापरतो. यंत्रमागाचा माल विकणारा दुकानदार तिसऱ्या पायरीच्या अर्थाने वापरतो. मोर, पोपट व जरीचा पदर दिसला की त्याच्या लेखी ती पैठणी होते. ग्राहक मात्र पैसे मोजताना मनात पहिला अर्थ धरून असतो. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांमधल्या फटीत फसवणुकीला जागा मिळते.

४.२.२ 'अस्सल', 'नक्कल' आणि 'नकली'

'अस्सल' आणि 'नक्कल' हे दोन्ही शब्द अरबीतून, फारसीमार्गे मराठीत आले. 'असल' म्हणजे मूळ, मुळाशी असलेले. 'नक्कल' म्हणजे मुळावरून उतरवून घेतलेले. कारभाराच्या भाषेत हे दोन्ही शब्द आजही शेजारी नांदतात. अस्सल दस्तऐवज एक असतो आणि त्याच्या नकला अनेक असतात. कार्यालयातून मिळालेली 'खरी नक्कल' ही अप्रामाणिक गोष्ट नव्हे. उलट ती आपण नक्कल आहोत, असे स्वतःच सांगते, म्हणूनच ती विश्वासार्ह ठरते.

'नकली' हा शब्द याच कुळातला, परंतु त्याची छटा वेगळी आहे. नकली नाणे किंवा नकली औषध म्हणजे जे नाही ते असल्याचे भासवणारी वस्तू. नक्कल आणि नकली यांत कारागिरीचा फरक असेलच असे नाही. फरक आहे तो कबुलीचा. यंत्रमागावर विणलेली, कृत्रिम धाग्याची साडी 'पैठणीच्या नक्षीची यंत्रमागावरील साडी' म्हणून विकली गेली, तर ती नक्कल होय. तीच साडी 'येवल्याची हातमागावरील पैठणी' म्हणून विकली गेली की ती नकली होते. साडी बदललेली नसते. तिच्याविषयी केलेले विधान बदललेले असते.

हा भेद पुढील चर्चेत सतत लक्षात ठेवावा.

> स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
> १. 'सोलापुरी चादर' आणि 'कोल्हापुरी मिसळ' या दोन नावांत स्थलवाचक विशेषण कोणकोणत्या अर्थाने आले आहे?
> २. 'खरी नक्कल' या शब्दप्रयोगात विसंगती आहे काय? दोन-तीन वाक्यांत लिहा.

४.२.३ पैठणीचे विणकाम : नावामागील श्रम

कोणत्याही परंपरेविषयी बोलण्यापूर्वी त्या परंपरेत माणसे प्रत्यक्ष काय करतात, हे माहीत असले पाहिजे. पैठणीचे वैशिष्ट्य तिच्या पदरात आहे. नेहमीच्या विणकामात आडवा धागा धोट्यातून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग जातो. पैठणीच्या पदरात तसे होत नाही. नक्षीतील प्रत्येक रंगासाठी रेशमाची निराळी लहान नळी असते. तो रंग जेवढ्या जागेत हवा, तेवढ्याच उभ्या धाग्यांतून विणकर ती नळी हाताने फिरवतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून मागे वळवतो. मोराची मान, पोपटाची चोच, कमळाची पाकळी अशी एकेक ओळ मोजत वर चढत जाते. त्यामुळे पदराची उलटी बाजू सुलट बाजूसारखीच स्वच्छ दिसते.

जॅकार्ड या यंत्रणेवर विणलेल्या नक्षीत रंगीत धागे मागच्या बाजूने तरंगत जातात आणि नंतर ते कापावे लागतात. म्हणून पदर उलटा करून पाहणे, ही पैठणीची सर्वांत सोपी परीक्षा मानली जाते. येथे आणखी एक बारकावा ध्यानात घ्यावा. जॅकार्ड हातमागावरही बसवता येते. त्यामुळे 'हातमागावर विणलेली' आणि 'पदराची नक्षी हाताने गुंफलेली' ही दोन स्वतंत्र विधाने आहेत. पहिले खरे असताना दुसरे खोटे असू शकते. बाजारात 'सेमी पैठणी' नावाने जो माल मिळतो, त्याच्या बाबतीत हे दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात.

या पद्धतीमुळे पैठणीला वेळ लागतो. साध्या पदराला काही आठवडे, तर भरगच्च नक्षीला अनेक महिने लागतात. किमतीचा प्रश्न येथूनच सुरू होतो. समजा, एका विणकराने एका साडीवर वीस दिवस काम केले आणि त्याची दिवसाची मजुरी ५०० रुपये धरली, तर केवळ मजुरीच १०,००० रुपये होते. रेशीम, जर, रंगकाम, माग मांडण्याचा खर्च व व्यापाऱ्याचा नफा यांचा हिशेब त्यानंतरचा. अशा वेळी 'हाताने विणलेली अस्सल पैठणी' दोन-तीन हजारांत मिळत असेल, तर तीन शक्यता उरतात. ती हाताने विणलेली नाही, किंवा तिचे साहित्य सांगितले तसे नाही, किंवा विणकराला त्याची मजुरी मिळालेली नाही. चौथी शक्यता अंकगणितात बसत नाही.

४.२.४ येवलाही एके काळी 'बाहेरचे'च होते

पैठणीच्या वादात 'आमची वस्तू बाहेरच्यांनी पळवली', असे वाक्य नेहमी ऐकू येते. या वाक्यातील 'आमची' आणि 'बाहेरचे' हे दोन्ही शब्द इतिहासाच्या कसोटीवर तपासून पाहू.

गोदावरीकाठचे पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील, एका ग्रीक भाषिकाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरप्रवासाच्या वृत्तांतात पैठण व तगर, म्हणजे आजचे तेर, या दोन बाजारपेठांचा उल्लेख येतो. तथापि, त्या ग्रंथात कापडाचा उल्लेख तेरच्या संदर्भात आहे. पैठणहून मौल्यवान खडे भडोचच्या बंदराकडे जात, असे तेथे म्हटले आहे. पैठण हे प्राचीन व्यापारी नगर होते, हे यावरून सिद्ध होते. आजच्या स्वरूपाची पैठणी दोन हजार वर्षांपूर्वी विणली जात होती, हे मात्र केवळ या उल्लेखावरून सिद्ध होत नाही. पुरावा जेवढे सांगतो तेवढेच विधान करणे, ही वैचारिक लेखनाची पहिली शिस्त होय.

येवल्याची कथा याहून अलीकडची. पेठ वसवणाऱ्या रघोजी नाईकांनी रेशीमकाम जाणणारे कारागीर बाहेरून आणून येथे वसवले. त्यांना या धंद्याचा मक्ता मिळाला आणि नव्याने येणाऱ्यांवर बंधने राहिली. हा मक्ता एकोणिसाव्या शतकात संपुष्टात आला. पेशवाईत पैठणीला दरबारी मागणी मिळाली. पुढे पैठणमधील माग कमी झाले तेव्हा हे विणकाम येवल्याने सांभाळले. पैठण येथे शासनाच्या महामंडळामार्फत विणकाम केंद्र चालवले गेले, परंतु घरोघरचे माग आणि मोठी बाजारपेठ यांचे केंद्र येवलाच राहिले.

साहित्याचे पाहू. आज येवल्याच्या मागावर चढणारे रेशीम प्रामुख्याने कर्नाटकातून येते, जर सुरतेहून येते. म्हणजे नाव पैठणचे, माग येवल्याचा, रेशीम कर्नाटकाचे आणि जर गुजरातची. मग यात नेमके 'येवल्याचे' काय? याचे उत्तर एकच : हात. त्या हातांतले, बापाकडून मुलाकडे, सासूकडून सुनेकडे आलेले ज्ञान.

या इतिहासावरून काही जण घाईने असा निष्कर्ष काढतात की येवल्याने पैठणचे नाव घेतले, तर इतर कोणी येवल्याचे घेतल्यास बिघडले कुठे? हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. त्यातील उणीव मात्र पाहण्यासारखी आहे. येवल्याने पैठणीचे नाव घेतले तेव्हा ती पद्धतही घेतली, ते श्रमही घेतले. आजच्या यंत्रमागाच्या मालात नाव घेतले जाते आणि पद्धत मागे ठेवली जाते. कारागिराचे स्थलांतर आणि नावाचे स्थलांतर या दोन वेगळ्या घटना आहेत.

४.२.५ स्कॉटलंडचा किल्ट : एक तौलनिक उदाहरण

किल्ट म्हणजे कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा, मागे चुण्या घातलेला लोकरी पोशाख. त्यावरील चौकडीच्या नक्षीला टार्टन म्हणतात आणि वेगवेगळ्या टार्टनचे नाते वेगवेगळ्या कुळांशी जोडले जाते. परंपरेनुसार शिवलेल्या पूर्ण किल्टला सुमारे आठ वार कापड लागते आणि त्याच्या चुण्या हाताने टाचल्या जातात. त्यामुळे तो महाग असतो. स्वस्त किल्ट बहुधा परदेशात, कृत्रिम धाग्याच्या कापडाचा शिवलेला असतो. पर्यटकांना आणि जगभर पसरलेल्या स्कॉटिश वंशाच्या लोकांना तो परवडतो. कारागीर मात्र तक्रार करतात की आपल्या कौशल्याची किंमत या मालामुळे पडते.

येथेही 'परंपरा' हा शब्द तपासावा लागतो. १७४६ च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने सैन्याबाहेरील पुरुषांना डोंगराळ स्कॉटलंडचा हा पोशाख वापरण्यास बंदी केली. ती १७८२ मध्ये उठली. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांच्या पुढाकाराने झालेल्या समारंभात टार्टन साऱ्या स्कॉटलंडचे प्रतीक म्हणून मिरवले गेले. १९८३ मध्ये एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी संपादित केलेल्या ग्रंथात ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी असे मत मांडले की आखूड किल्ट हा अठराव्या शतकातील, तोही एका इंग्रज कारखानदाराने रूढ केलेला पोशाख आहे. या मताला विरोधही झाला. मात्र 'परंपरा ही कधी कधी घडवली जाते', हा विचार तेव्हापासून संस्कृतीच्या अभ्यासात स्थिरावला.

सियालकोटचे उदाहरणही एकेरी नाही. या शहरात किल्टबरोबरच स्कॉटिश बॅगपाइप ही वाद्येही तयार होतात. ब्रिटिश सैन्यातील पलटणींबरोबर ही वाद्ये व हा पोशाख उपखंडात आला आणि आजही येथील लष्करी बँडपथके बॅगपाइप वाजवतात. म्हणजे साम्राज्याने जे आणले, तेच तेथील कारागिराने शिकून घेतले. त्याला 'नक्कल करणारा' एवढेच म्हणून मोकळे होणे न्यायाचे ठरणार नाही. त्याने शिवलेला किल्ट 'सियालकोटमध्ये शिवलेला' असे सांगून विकला जात असेल, तर दोष कोणाचाच नाही. 'स्कॉटलंडमध्ये बनवलेला' असा शिक्का त्यावर मारला गेला, तर दोष आहे. आणि असा शिक्का मारून लाभ घेणारा बहुधा विक्रेता असतो, शिवणारा नव्हे.

स्कॉटलंडच्याच 'हॅरिस ट्वीड' या लोकरी कापडाने यातून मार्ग काढलेला दिसतो. १९९३ च्या स्वतंत्र कायद्यानुसार हे नाव वापरण्यासाठी कापड शुद्ध नव्या लोकरीचे, 'आउटर हेब्रिडीज' बेटांवरच रंगवलेले व कातलेले आणि तेथील रहिवाशांनी आपल्या घरी हाताने विणलेले असावे लागते. लोकर मात्र इतर ठिकाणची चालते. हा कायदा परंपरा किती जुनी, असे विचारत नाही; कोणते काम, कोणी आणि कुठे केले, असे विचारतो. किल्टला असे संरक्षण नाही.

> स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
> १. कारागिराचे स्थलांतर आणि नावाचे स्थलांतर यांतील फरक येवल्याच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
> २. 'किल्ट फार जुना नाही, म्हणून त्याची नक्कल केल्यास हरकत नाही.' या युक्तिवादातील दोष सांगा.

४.२.६ कायदा काय सांगतो?

भारतात 'वस्तूंचे भौगोलिक निर्देशन (नोंदणी व संरक्षण) अधिनियम' १९९९ साली संमत झाला आणि १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्याची नोंदणी कचेरी चेन्नई येथे आहे. नोंदणीची मुदत दहा वर्षांची असून तिचे नूतनीकरण करता येते. नोंदणी कारागिरांच्या संघटनेच्या किंवा तत्सम संस्थेच्या नावे होते आणि प्रत्यक्ष उत्पादक 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून आपली नोंद करून घेतो. हे नाव कोणा एकाच्या मालकीचे नसते. ते त्या प्रदेशातील उत्पादकांचे सामाईक धन असते. पैठणीची नोंद या कायद्याखाली झालेली आहे.

या कायद्यातील एक तरतूद आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तयार मालाच्या बाबतीत उत्पादन, प्रक्रिया किंवा तयारी यांपैकी एखादी क्रिया त्या प्रदेशात व्हावी, अशी अट कायद्याच्या व्याख्येत आहे. सर्व क्रिया तेथेच व्हाव्यात, असे नाही. म्हणूनच कर्नाटकाचे रेशीम आणि सुरतेची जर वापरूनही पैठणी ही पैठणी राहते.

भौगोलिक निर्देशन म्हणजे हातमागाची हमी, असा समज मात्र करून घेऊ नये. सोलापुरी चादरीलाही हे निर्देशन मिळालेले आहे आणि ती यंत्रमागावर विणली जाते. तिची लढाई पानिपतहून येणाऱ्या, 'सोलापुरी' म्हणून विकल्या जाणाऱ्या चादरींशी आहे. हातमागाची खूण सांगणारे 'हँडलूम मार्क' हे चिन्ह निराळे आणि रेशमाच्या शुद्धतेचे 'सिल्क मार्क' हे चिन्ह निराळे. कुठे, कसे आणि कशाचे, अशा तीन प्रश्नांची ही तीन उत्तरे आहेत.

प्रदेशाची सीमा आणि राज्याची सीमा एकच असते, असेही नाही. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला मिळालेले निर्देशन महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांसाठी आहे. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथील सादरीकरणात कोल्हापुरीसारख्याच चपला, मुळाचा उल्लेख न करता दाखवल्या. महाराष्ट्रातून आक्षेप घेतला गेल्यावर कंपनीने त्यामागील भारतीय प्रेरणा मान्य केली. येथे माल स्वस्त नव्हता, उलट अतिशय महाग होता. यावरून दिसते की प्रश्न केवळ स्वस्ताईचा नाही, तर श्रेय देण्याचाही आहे.

४.२.७ चार भूमिका

आतापर्यंतच्या विवेचनावरून या वादातील भूमिका पुढीलप्रमाणे मांडता येतील.

(अ) स्थाननिष्ठ भूमिका : मूळ गावी झाली तीच खरी वस्तू. या भूमिकेत गावाच्या उपजीविकेची काळजी आहे. परंतु ती शेवटपर्यंत ताणली, तर येवल्याची पैठणीही बाद ठरते.

(आ) पद्धतनिष्ठ भूमिका : कुठे विणली यापेक्षा कशी विणली हे महत्त्वाचे. ही भूमिका कौशल्याचा मान राखते. मात्र ज्या वस्तीने पडत्या काळात ते कौशल्य जपले, तिच्या हक्काविषयी ती मौन बाळगते.

(इ) ग्राहकनिष्ठ भूमिका : सामान्य घरातील स्त्रीला हजारोंची पैठणी परवडत नाही, तिने लग्नकार्यात मोरांचा पदर मिरवू नये काय? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. शांता शेळके यांच्या 'पैठणी' या कवितेतील आजीच्या जपून ठेवलेल्या वस्त्रापासून दूरदर्शन संचावरील 'होम मिनिस्टर' या कार्यक्रमातील बक्षिसापर्यंत पैठणी ही मराठी स्त्रीच्या सन्मानाची खूण राहिली आहे. ती इच्छा हसण्यावारी नेणे योग्य नव्हे. स्वस्त साडी घेणे हा दोष नाही. स्वस्त साडी महाग म्हणून गळ्यात मारणे हा दोष आहे.

(ई) श्रमनिष्ठ भूमिका : मुख्य प्रश्न विणकराच्या मजुरीचा. महिनाभर मागावर बसून पोट भरत नसेल, तर विणकराचा मुलगा मागावर बसणार नाही, आणि मग अस्सल-नकलीचा वादच उरणार नाही. या भूमिकेपुढेही एक अडचण आहे. यंत्रमागावर राबणाराही श्रमिकच असतो. नाशिक जिल्ह्यातच येवल्याचे हातमाग आहेत आणि मालेगावचे यंत्रमागही आहेत. एकाचे पोट भरण्यासाठी दुसऱ्याला खलनायक ठरवता येणार नाही.

अनेकदा या वादात 'स्वदेशी'चा दाखला दिला जातो. १८७७ च्या दिल्ली दरबारात सार्वजनिक काका, अर्थात गणेश वासुदेव जोशी, खादीचा पोशाख करून गेले, त्यामागे परकीय सत्तेकडून होणाऱ्या आर्थिक शोषणाचा विचार होता. सुरत किंवा बंगळूर येथील विणकर हा परकीय सत्ताधीश नाही. त्यामुळे तो युक्तिवाद जसाच्या तसा येथे लावता येत नाही. एका काळाचा युक्तिवाद दुसऱ्या काळात वापरताना परिस्थिती समान आहे काय, हे आधी पाहावे लागते.

४.२.८ निष्कर्षाकडे

चारही भूमिकांत काही तथ्य आहे, असे म्हणून थांबणे सोपे आहे. पण ते विचार टाळण्यासारखे होईल. वरील विवेचनातून एक निष्कर्ष काढता येतो. परंपरा ही कोणाची कायमची मालमत्ता नसते. ती गाव सोडते, राज्य ओलांडते, समुद्रही ओलांडते. म्हणून ती इतरत्र जाऊ नये, अशी मागणी इतिहासाला धरून नाही. परंतु परंपरेचे नाव हे एक विधान असते आणि विधान खरे असले पाहिजे, ही मागणी पूर्णपणे न्याय्य आहे. 'पैठणी' हा शब्द उच्चारून जो पैसे घेतो, त्याने कुठे, कसे आणि कशाचे, या तीन प्रश्नांची खरी उत्तरे दिली पाहिजेत.

विणकराचा हक्क त्याची कला किती शतके जुनी आहे, यावर अवलंबून नाही. ती शंभर वर्षांची असो वा हजार, मागावर घालवलेले त्याचे वीस दिवस आजचे आहेत. खोटे नाव त्या दिवसांची किंमत हिरावून घेते. भाषेच्या अभ्यासकाने या वादात लक्ष घालावे ते याचसाठी : येथे अन्याय शब्दातून होतो, आणि म्हणून त्याची दुरुस्तीही काही अंशी शब्दातूनच करावी लागते.

४.३ सारांश

स्थलवाचक विशेषणाचा अर्थ उत्पत्ती, पद्धती आणि केवळ संज्ञा अशा तीन पायऱ्यांनी बदलतो. नक्कल आणि नकली यांत कबुलीचा फरक आहे. पैठणीचे नाव पैठणचे असले, तरी तिचे विणकाम येवल्याने सांभाळले आणि तिचे साहित्य इतर राज्यांतून येते. म्हणून तिचे सत्त्व कारागिराच्या पद्धतीत व श्रमात आहे. किल्टच्या उदाहरणावरून परंपरा घडवली जाते, तसेच ती शिकून इतरत्र नेली जाते, हे दिसते. भौगोलिक निर्देशन, हातमागाचे चिन्ह व रेशमाचे चिन्ह ही तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. परंपरेच्या प्रवासाला विरोध करण्यापेक्षा नावाच्या सत्यतेचा आग्रह धरणे अधिक युक्त होय.

४.४ पारिभाषिक शब्द

जर : सोनेरी वा रुपेरी तार गुंडाळलेला धागा.
धोटा : आडवा धागा वाहून नेणारे विणकामाचे साधन.
जॅकार्ड : नक्षीनुसार उभे धागे उचलणारी, मागावर बसवायची यंत्रणा.
भौगोलिक निर्देशन : वस्तूचा दर्जा वा लौकिक विशिष्ट प्रदेशाशी निगडित असल्याचे दर्शवणारे, कायद्याने संरक्षित नाव.
मक्ता : एखादा धंदा करण्याचा एकाधिकार.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) 'सोलापुरी चादर' या नावात उत्पत्तीचा अर्थ अपेक्षित आहे, 'कोल्हापुरी मिसळ' या नावात पद्धतीचा. (२) विसंगती नाही. 'खरी' हे विशेषण येथे मुळाशी तंतोतंत जुळणारी, असे सांगते. ती आपण नक्कल असल्याचे लपवत नाही.

प्रश्न २ : (१) येवल्यात कारागीर आणि पद्धत यांसह नाव आले; यंत्रमागाच्या मालात पद्धत सोडून केवळ नाव उचलले जाते. (२) वस्तूचे वय आणि विक्रेत्याचा प्रामाणिकपणा या दोन स्वतंत्र बाबी आहेत. पहिलीवरून दुसरीविषयी निष्कर्ष निघत नाही.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. 'पैठणी इतर राज्यांत विणली जाण्यास हरकत नसावी.' या विधानाच्या बाजूने व विरुद्ध प्रत्येकी तीन मुद्दे लिहून आपला निष्कर्ष ३०० शब्दांत मांडा.
२. हॅरिस ट्वीडविषयीचा कायदा आणि भारतातील भौगोलिक निर्देशनाचा कायदा यांतील उत्पादनस्थानाच्या अटींची तुलना करा.
३. आपल्या परिसरातील स्थलवाचक नावे असलेल्या दहा वस्तूंची यादी करून प्रत्येक नाव अर्थाच्या कोणत्या पायरीवर आहे, ते सकारण लिहा.

४.७ क्षेत्रीय कार्य

जवळच्या साडीच्या दुकानात जाऊन 'पैठणी' म्हणून ठेवलेल्या तीन वेगवेगळ्या किमतींच्या साड्या पाहा. पदराची उलटी बाजू, दर्जाची चिन्हे आणि विक्रेत्याने वापरलेले शब्द यांची नोंद करा. विक्रेत्याने कुठे, कसे आणि कशाचे यांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर आपणहून दिले आणि कोणते विचारावे लागले, यावर दोन पानांचे टिपण तयार करून समंत्रकांना दाखवा. टिपणात दुकानाचे अथवा व्यक्तीचे नाव लिहू नये.